सव्वा मीटर पाणी

१२ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार, आशीर्वाद, खुशाली, सगळं एकदमच घेऊन टाक. आई ठीक, मी ठीक, कोंबड्या ठीक, बाबा ठीक. तूही ठीक असशील. दवाखान्यात रात्रपाळी लागली की पाय सुजतात असं आई कोणाला तरी सांगत होती, म्हणजे तुमचं दोघींचं बोलणं होतं तर! मला कोणी काही सांगत नाही.

दीड वर्षानंतर मी तुला पत्र लिहितेय. फोन का नाही केला? कारण फोनवर तू नुसतं ‘हं’ करतेस, आणि आई शेजारी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत बसते. पत्रात तुला मध्येच ‘ठेवते गं’ म्हणता येत नाही.

तर आधी कबुली. तुझा जुना कॅल्क्युलेटर मी घेतलाय. तोच, मागे निळा फुलपाखराचा स्टिकर असलेला. तू कपाटात कुलपात ठेवून गेली होतीस, पण किल्ली कॅलेंडरमागे ठेवायची तुझी सवय मला माहीत होती. रागावू नकोस, कारण आता दुसरी कबुली आहे. सहामाहीला गणितात मला शंभरपैकी तेवीस पडले. तुझे त्याच वर्गात एक्क्याण्णव होते, हे सांगायला शाळेतला शिपाईसुद्धा मागे राहिला नाही.

सगळा घोळ त्रिकोणमितीचा. आमच्या गणिताच्या बाई नव्या आहेत, तू गेल्यावर आल्या. खाडीच्या पलीकडच्या काठावर राहतात, रोज आपल्याच लाँचने येतात. हातात सतत कंपासपेटी असते म्हणून पोरांनी नाव ठेवलंय कर्कटकबाई. बाई चांगल्या आहेत गं, पण अर्धे मार्क कापण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. कोसाइनचं समीकरण सोडवलं की कॅल्क्युलेटर एकच उत्तर देतो. दुसरं उत्तर आलेखावर बघून आपण शोधायचं असतं, कारण लाट एकाच उंचीवरून दोनदा जाते, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. मी ते दुसरं उत्तर हटकून विसरते. बाई लाल पेनाने लिहितात, ‘दुसरं कुठे गेलं?’ आणि अर्धा मार्क गेला.

आता प्रकल्प आहे, वीस मार्कांचा. आपल्या आसपास जे परत परत वर-खाली होतं ते मोजा आणि त्याचं समीकरण मांडा. कोणी झोपाळा घेतला, कोणी शिवणयंत्राची सुई. एकाने ‘आजोबांचा राग घेऊ का?’ म्हणून विचारलं, त्याला बाहेर उभं केलं. मी आपल्या धक्क्यासमोरचा खांब घेतला. दोन दिवस दर अर्ध्या तासाला जाऊन खांबावरचे आकडे बघितले, पाणी किती मीटरवर आहे ते लिहिलं आणि आलेखाच्या कागदावर ठिपके दिले. ताई, ते ठिपके जोडल्यावर काय लाट आली म्हणून सांगू! पुस्तकात असते तश्शी. मी ओरडलेच. आई हातातलं टाकून धावत आली, तिला वाटलं विंचू.

कमीत कमी पाणी अर्धा मीटर, जास्तीत जास्त साडेतीन. म्हणजे मधोमध दोन, आणि त्याच्या वर दीड, खाली दीड. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत बारा तास चोवीस मिनिटं. तीनशे साठ अंश तेवढ्या तासांत वाटले की तासाला एकोणतीस अंश येतात. झालं समीकरण! भरतीनंतर किती तास झाले ते घाल, बटण दाब, पाणी किती ते बाहेर. लाँचला आपल्या काठाशी सव्वा मीटर पाणी लागतं, त्याहून कमी झालं की चिखलच. तेही आता घरबसल्या कळतं.

बाबांना माझ्या प्रकल्पात फारच रस आहे. रोज तीनतीनदा विचारतात, ‘भिंगरे, खांबावर किती आहे गं? जा, बघून ये, तुझ्या वहीत लागेल.’ मीही जाते. तीस वर्षं पाणी बघितलेला माणूस माझ्या वहीची एवढी काळजी करतो, मजा वाटते.

बाकी विशेष नाही. लाँचचा परवाना मार्चअखेर नवा करायचाय. यंदा तपासणीला डोळ्यांचा डॉक्टरही येणार म्हणे. कोंबड्या आता सात झाल्या. काळी भांडकुदळ आहे.

बाबा तुझं नाव काढत नाहीत, पण तुझी खुर्चीही कोणाला घेऊ देत नाहीत. तू यावंस असं मला रोज वाटतं. लिही काहीतरी, चार ओळी लिही.

तुझी तेवीस मार्कांची,
भिंगरी

*

३१ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. कुठे मिळालं ते ऐकायचं असेल तर आधी खाली बस.

काल शनिवार. शनिवारी मी लाँचवर तिकिटं फाडते. भरती सकाळी साडेसहाला होऊन गेली होती. नऊ वाजता बाबा चहा पिता पिता म्हणाले, ‘भिंगरे, पलीकडून अकराला परत येताना इथे पाणी किती असेल? जरा खांब बघून ये.’ मी काय म्हणावं? मी म्हटलं, ‘खांब कशाला बघायचा बाबा? गणित आहे ना!’ असा ताठा होता माझा. साडेसहा ते अकरा, साडेचार तास. बटणं दाबली. दोन पूर्णांक अठरा मीटर. मी म्हटलं, ‘दोन मीटरच्या वर. हत्ती बुडेल.’ बाबांनी जरा भुवया उडवल्या. ‘एवढं?’ म्हणाले. मग म्हणाले, ‘तुझी वही म्हणते तर असेल.’

आणि आम्ही निघालो. पलीकडे बसची वाट बघत थांबलो. कर्कटकबाई चढल्या, त्यांचा आमच्यावर जादा तास होता. पोस्टमन चढला. एक शिंपी चढला, कोणाच्या तरी मुलाखतीचा कोट खांद्यावर घेऊन, वर प्लास्टिक. एकूण अकरा माणसं. खाडी ओलांडली आणि आपल्या धक्क्यापासून चाळीस हातांवर लाँच अशी ‘घुर्रर्र’ करून बसली, की बस्स. इंजिनवाल्या काकांनी पुढे घेतली, मागे घेतली. नाही म्हणजे नाही. चहूकडे कंबरभर चिखल, उतरायची सोय नाही.

तीस वर्षांत बाबांची लाँच कधी चिखलात बसली नव्हती, तुला माहीतच आहे. ‘वहीत तर दोन मीटर आलं होतं!’ मी सगळ्यांसमोर बोलून गेले. आई धक्क्यावर येऊन उभी, कमरेवर हात. ‘काय झालं?’ ओरडली. शिंपी ओरडला, ‘वहिनी, गणित झालं!’

बाई माझ्याकडे वळल्या. ‘आकडा दाखव,’ म्हणाल्या. मी दाखवला. त्यांनी कॅल्क्युलेटर मागितला, फुलपाखरू बघितलं, मग पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं आणि ओठ चावला. हसू दाबत होत्या गं! पण त्या काही बोलायच्या आत पोस्टमनने पिशवी उघडली. तो म्हणाला, ‘नाहीतरी बसायचंच आहे, तर इथलीच पत्रं वाटून टाकतो.’ आणि एक पत्र बाबांपुढे धरलं. ‘घ्या, तुमच्या मोठीचं दिसतंय. धाकटीच्या नावावर आहे.’

बाबांनी पत्र घेतलं. आधी लांब धरलं, मग नाकाशी आणलं, मग तिरकं केलं. सगळी लाँच बघत होती. ‘उजेड फार आहे,’ असं म्हणाले आणि माझ्या हातात दिलं. ‘मोठ्याने वाच.’

ताई, तुझी पहिली ओळ काय होती आठवतंय? ‘माझा कॅल्क्युलेटर घेतलास ते ठीक, पण तो रेडियनवर, म्हणजे कोनाच्या दुसऱ्याच मापावर लावलेला आहे, आधी अंशांवर आण, नाहीतर कुठेतरी तोंडघशी पडशील.’

अगं, लाँच हलली एवढी माणसं हसली! शिंप्याचा कोट खाली पडला. तुझा इशारा पोस्टमनच्या पिशवीत, पिशवी लाँचमध्ये, लाँच चिखलात, आणि चिखलात आम्ही तुझ्याच कॅल्क्युलेटरमुळे. बाईंनी तिथेच अंश लावून परत बटणं दाबायला सांगितली. एक पूर्णांक शून्य तीन. हत्ती सोड, बदकही चालत गेलं असतं. मग म्हणाल्या, ‘आता चूक तशीच ठेव आणि अकराच्या अर्धा तास आधीचं पाणी काढ.’ काढलं तर अर्धा मीटर! म्हणजे माझ्या हिशेबात ओहोटी चालू असताना पाणी अर्ध्या तासात दीड मीटर वर उडी मारत होतं. ‘एकच आकडा काढून त्याच्यावर विसंबायचं नाही,’ बाई म्हणाल्या, ‘आजूबाजूचे दोन काढून बघायचे आणि शिवाय खिडकीतून बाहेर बघायचं.’ मी तिथल्या तिथे कानाला खडा लावला.

आता पुढचं. ते लिहिताना मला जड जातंय, पण लिहिते.

सगळे हसत असताना मी तुझं पत्र पुढे वाचलं आणि पायसूज, पगार, खोलीतल्या मैत्रिणीचं घोरणं, सगळं झाल्यावर थांबले. ‘संपलं,’ म्हटलं. बाबा म्हणाले, ‘खाली दोन ओळी राहिल्यात. एवढं दिसतं मला.’

मग वाचल्या. ‘बाबांचे डोळे कसे आहेत? या वेळी खरं लिही.’

बाबांनी सुकाणूवरचा हात काढला आणि माझ्याकडे वळले. तेच विचारलं, जे त्या दिवशी धक्क्यावर विचारलं होतं. अगदी त्याच शब्दांत. ‘काय गं, मला दिसत नाही?’

ताई, त्या दिवशी तू सगळ्या उतारूंसमोर म्हणाली होतीस, ‘बाबा, तुम्हाला दिसत नाहीये, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करा, नाहीतर एक दिवस माणसं बुडवाल.’ बाबा संतापले आणि मला विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी म्हणाले, ‘दिसतं की.’ बाबा तुला म्हणाले, ‘ऐकलंस? आता तुला दिसेल तिकडे जा.’ आणि तू त्याच फेरीने गेलीस.

मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. त्याच्या आधी महिनाभर खांबावरचे आकडे मीच बाबांना सांगत होते. पहिल्या पत्रात मी लिहिलं ना, की त्यांना माझ्या प्रकल्पात रस आहे? खोटं. मला गंमत वाटत नव्हती, भीती वाटत होती. परवाना गेला तर लाँच जाईल, लाँच गेली तर बाबा काय करतील, या भीतीने मी प्रकल्पच खांबाचा घेतला, म्हणजे ते रोज विचारू शकतील आणि कोणाला काही कळणार नाही. तुला खोटं पाडून मी दीड वर्ष बाबांचे डोळे सांभाळत बसले होते. आणि काल तेच डोळे मी वहीत घालून चिखलात रुतवले. अकरा माणसं होती गं वर. चिखल होता म्हणून हसण्यावारी गेलं. खडक असता तर?

तर मी म्हणाले, ‘नाही बाबा. तुम्हाला दिसत नाही.’ आणि मला रडू फुटलं, सगळ्यांसमोर.

बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते जरा वेळ धक्क्याकडे बघत राहिले, म्हणजे धक्का जिथे असतो तिकडे. मग बाईंना म्हणाले, ‘बाई, एवढं शिकवता, तर सुटणार कधी आपण ते सांगा.’

बाईंना तेच हवं होतं. शिंप्याच्या कोटाचं बिल उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लाट काढली. पाणी सव्वा मीटर कधी? कोसाइन उणे अर्धा. कॅल्क्युलेटर म्हणाला एकशे वीस अंश, म्हणजे दहा अडतीस. ‘ते तर गेलं,’ बाई म्हणाल्या, ‘तेव्हा पाणी उतरत होतं. आता दुसरं कुठे गेलं?’ सगळी लाँच माझ्याकडे बघतेय. मी लाटेवर बोट फिरवलं, तळाला गेले, परत चढले. दोनशे चाळीस अंश. त्याला एकोणतीसने भागलं. दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं.

शिंपी म्हणाला, ‘छे, चार तरी वाजतील.’ पोस्टमनने पैज लावली. आईने दोरीला बांधून टोपलीतून चहाची किटली पाठवायचा प्रयत्न केला, ती चिखलात पडली, आणि आईने त्याचाही दोष मलाच दिला. पावणेतीन वाजले तेव्हा सगळे घड्याळाकडे बघत होते. दोन अठ्ठेचाळीसला लाँच डुलली. दोन पन्नासला सुटली! टाळ्या काय, शिट्ट्या काय. पोस्टमनने मला कडेवरच घेतलं असतं.

सुटल्यावर बाबांनी सुकाणू इंजिनवाल्या काकांच्या हातात दिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, ‘खांबावर किती आहे?’ मी म्हटलं, ‘एक पूर्णांक तीन.’ म्हणाले, ‘मला नुसता पांढरा खांब दिसतो. बरेच दिवस.’

आज ते घरीच आहेत. लाँच काका चालवताहेत. ऑपरेशनचं आईने विचारलं तर म्हणाले, ‘बघू.’ तू गेलीस ते माझ्यामुळे, हे मी त्यांना सांगितलंय. आता तुलाही सांगितलं. तू माझ्यावर पोटभर रागाव, मला चालेल. पण लिही.

तुझी खोटारडी,
भिंगरी

*

१० फेब्रुवारी

ताई, माझी ताई,

तुझं चार शब्दांचं पत्र मिळालं. ‘एकवीसला सुट्टी आहे. येऊ?’ आठवडाभर मी पोस्टमनच्या मागे मागे फिरत होते, आणि तू चार शब्द लिहितेस! पण ते चार शब्द मी वीसदा वाचले. माझ्यावर रागावलीस की नाही तेवढं मात्र कळलं नाही. आल्यावर एक धपाटा घाल आणि संपव.

पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ते कोंबड्यांना दाणे टाकत होते. टाकतच राहिले. काळीने दोनदा दुसऱ्यांचे दाणे पळवले तरी ओरडले नाहीत. मग आत आले, तुझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘वही आण. एकवीसला पाणी कधी?’

मी म्हटलं, ‘भरती दुपारी साडेबाराला.’ आणि दोन अधिक दीड लिहायला लागले, तर माझा हात धरला. ‘दीड नाही. त्या आठवड्यात चंद्र अर्धा असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. एक घाल.’ ताई, आलेख न बघता! दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं तर त्या खुर्चीतच सरसावून बसल्या. ‘समीकरण म्हणजे तयार कपडा, अंगाला बसतो पण काखेत काचतो,’ म्हणाल्या, ‘तुझे वडील तो उसवून परत शिवतात. प्रकल्पावर त्यांचंही नाव घाल.’ घातलंय. वीसपैकी अठरा मिळाले. दोन मार्क चिखलाचे गेले, असं बाई म्हणतात.

तर मी एक घातला. अंश लावलेत का ते तीनदा बघितलं, आजूबाजूचे आकडे काढले, आणि दुसऱ्या दिवशी खांबही बघून आले. कोसाइन उणे पाऊण. एकशे अडतीस पूर्णांक सहा अंश, म्हणजे भरतीच्या चार तास सत्तेचाळीस मिनिटं अलीकडे आणि तेवढंच पलीकडे. उत्तरं दोन आली. पहिलं, सकाळी सात त्रेचाळीस. त्याच्या आधी लाँचमध्ये चढू नकोस, नाहीतर आपल्या काठाला चिखलात बसशील आणि शिंपी परत ओरडेल. आठच्या फेरीने ये. सुकाणूवर काका असतील. बाबा धक्क्यावर उभे राहणार आहेत. तू त्यांना दिसायची नाहीस, पण तुझ्या चपलांचा आवाज ओळखतो म्हणतात.

मी दुसरं उत्तरही लिहायला घेतलं, म्हणजे परत जायला लाँच किती वाजेपर्यंत मिळेल ते. या वेळी मी विसरले नव्हते, शपथ. बाबांनी विचारलं, ‘आता काय लिहितेस?’ मी म्हटलं, ‘ताईची परतायची वेळ.’

‘ती लिहू नकोस,’ बाबा म्हणाले. ‘परत ती एकटी जाणार नाही. मी जाणार आहे तिच्याबरोबर, तिच्या दवाखान्यात. तेव्हाचं पाणी तेव्हा बघू.’

म्हणून लिहीत नाही. बाईंना खुशाल अर्धा मार्क कापू दे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, बाबांचेही धरून चार,
भिंगरी